पंच्याऐंशी टक्के

जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस आधी रंग बघतो. मग आत बसून स्टिअरिंग हलवतो, आरशात स्वतःचा चेहरा बघतो आणि शेवटी विचारतो, लिटरमागं किती जाते. किलोकाका जायचे ते न्हाणीघरातला वजनकाटा काखोटीला मारून. एका खिशात टॉर्च, दुसऱ्यात वही, वहीला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. शहरातल्या जुन्या गाड्यांच्या सगळ्या दुकानांना हा अवतार दोन महिन्यांत पाठ झाला होता. काका फाटकात दिसले की विक्रेत्यांना एकदम फोन यायला लागायचे, आणि ज्याला वेळेवर पळ काढता आला नाही तो बिचारा तावडीत सापडायचा.

"हिचं रिकामं वजन किती?" हा काकांचा पहिला प्रश्न.

विक्रेता इंजिनाचं कौतुक सुरू करायचा. काका म्हणायचे, "इंजिन राहू द्या. वजन सांगा." तो एसीवर यायचा. "एसी राहू द्या." मग तो वैतागून कपाटातून कागद काढायचा. काका आकडा वहीत उतरवायचे, त्याचे पंच्याऐंशी टक्के काढायचे, डिकीतली स्टेपनी बाहेर ओढून तीसुद्धा सोबत आणलेल्या काट्यावर ठेवायचे, गाडीखाली टॉर्च मारून मागचे नटबोल्ट बघायचे आणि वही मिटून म्हणायचे, "नाही बसत." की निघाले. चहाचा कप टेबलावर तसाच.

लोक हसायचे. हसू देत. हसणाऱ्यांच्या घरी कुणाचा श्वास मोजून चालला नव्हता.

चौतीस वर्षं हा माणूस खडीच्या खाणीच्या तोंडाशी काट्याच्या केबिनमध्ये बसला. आठ फूट बाय सहा फूट खोली, एक खिडकी, खिडकीबाहेर जमिनीत बसवलेली भलीमोठी लोखंडी फळी. रिकामा ट्रक आत जाताना फळीवर उभा राहायचा, भरलेला बाहेर येताना पुन्हा उभा राहायचा, काका एकातून एक वजा करून पावती फाडायचे. ड्रायव्हर गळ घालायचे, "काका, शंभर किलो इकडं-तिकडं, काय फरक पडतोय?" काका म्हणायचे, "पडतो." दहा किलोसुद्धा सोडायचे नाहीत. त्यावरून नाव पडलं किलोकाका, आणि ते इतकं घट्ट चिकटलं की एकदा दवाखान्याच्या फॉर्मवर सही करताना त्यांच्याच हातानं आधी 'किलो' लिहिलं आणि मग खोडलं.

तो फॉर्म काकूंचा होता. काकूंनी सत्तावीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात काढली. दिवसभर वाफ, साबणाच्या पावडरीची धूळ, आणि वाळलेल्या चादरी झटकताना उडणारा बारीक तंतू. सगळं आत जाऊन बसलं. निवृत्त होऊन निवांत दोन घास खावेत, तर फुप्फुसांनी संप पुकारला. आधी जिना चढताना दम लागायचा, मग अंगणातून घरात येताना, मग नुसतं बोलतानाही. डॉक्टरीणबाईंनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, "या वर्षात त्यांना जे काही करावंसं वाटतंय ते करून घ्या." पुढच्या वर्षाचं त्यांनी नाव काढलं नाही. काकांनीही विचारलं नाही.

काकूंना फार मोठं काही नको होतं. त्यांना एकदा सकाळी डोळे उघडल्यावर खिडकीत नुसतं पाणी बघायचं होतं. समुद्र असो, तलाव असो, त्यांची कशाला ना नव्हती.

मग लॉजवर जायचं की, असं तुम्ही म्हणाल. गेले होते. दुपारी जरा आडव्या झाल्या आणि काकूंना खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना. पलीकडच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर धाड धाड थापा मारल्या. काकूंनी तोंडात पदर कोंबला आणि दुसऱ्या हातानं बॅग भरायला घेतली. "लोकांच्या भिंतीला लागून मला खोकायचं नाही," एवढंच म्हणाल्या. पाण्याकडची खिडकी उघडायचीही राहून गेली.

तेव्हा काकूंच्या थोरल्या भावानं आपली कॅरॅव्हॅन देऊन टाकली. कॅरॅव्हॅन म्हणजे दुसरं काही नाही, गाडीच्या मागच्या हुकाला अडकवून ओढत न्यायची चाकांवरची खोली. आत ओटा, टेबल, झोपायची जागा, तीन खिडक्या. भावाचे गुडघे गेले होते, त्याच्या अंगणात ती नुसती उभी होती. "घेऊन जा," तो काकांना म्हणाला, "बहिणीला फिरवून आण." काकूंनी आत पाऊल टाकलं, मागच्या मोठ्या खिडकीपाशी बसल्या आणि लहान पोरीसारख्या हसल्या. आता भिंती स्वतःच्या होत्या, खोकायला कुणाच्या बापाची भीती नव्हती.

घोडं अडलं ते गाडीपाशी. काकांची स्वतःची गाडी होती, छोटी, निळी, बारा वर्षं जपून वापरलेली. तिला हूक बसवून घेतला असता आणि निघाले असते, तर ही गोष्ट इथंच संपली असती. बाकीचे लोक हेच करतात. पण बाकीच्या लोकांनी त्या रविवारी काट्याच्या केबिनमध्ये ड्यूटी केलेली नव्हती.

निवृत्त व्हायच्या नऊ वर्षं आधीची गोष्ट. एक कुटुंब कॅरॅव्हॅन घेऊन काट्यावर आलं होतं, नवरा, बायको आणि मागच्या सीटवर त्यांची मुलगी. हौस म्हणून वजन बघायचं होतं. गाडी हलकी होती आणि मागची खोली चांगली भरलेली. गाडीचं मागचं अंग खाली बसलेलं, तोंड वर झालेलं, पुढची चाकं जमिनीला जेमतेम टेकलेली. काकांना तेव्हा टक्केवारी ठाऊक नव्हती, पण इतकी वर्षं चाकं बघितलेल्या माणसाला डोळे तर होते. त्यांनी चाकांकडं पुन्हा एकदा बघितलं. पावती घेताना नवऱ्यानं हसत विचारलं, "काय काका, जाईल ना?" बायको खिडकीतून बघत होती. काकांचं काम पावती देण्याचं, सल्ला देण्याचं नाही. ते म्हणाले, "जाईल की."

चाळीस किलोमीटरवरच्या उतारावर मागची खोली डोलायला लागली. आधी थोडी, मग जास्त, मग तिनं पुढच्या गाडीला धरून रस्त्याबाहेर फेकलं. बाई जागेवर गेली. पोलिसांनी येऊन पावतीची दुसरी प्रत नेली, काकांना कुणी चकार शब्द विचारला नाही. त्यांची काही चूक नव्हती असंच सगळे म्हणाले. काका मात्र त्या दिवसापासून 'जाईल की' हे दोन शब्द बोलायचे बंद झाले. आणि त्यांनी मिळेल ते वाचून, दिसेल त्याला विचारून हा विषय पार कोळून प्यायला. ओढणं वेगळं आणि सांभाळणं वेगळं, हे त्यांना तेव्हा कळलं. ओढायला ताकद लागते, ती इंजिनात असते. सांभाळायला वजन लागतं. सामानासकट मागच्या खोलीचं वजन पुढच्या रिकाम्या गाडीच्या पंच्याऐंशी टक्क्यांच्या आत पाहिजे, नाहीतर उतारावर, वाऱ्यात, मोठा ट्रक शेजारून गेला तर खोली नेईल तिथं गाडीला जावं लागतं.

काकांनी खाणीतला ट्रॅक्टर मागून आणला, कॅरॅव्हॅन काट्यावर नेली आणि सामानासकट तोलली. निळी गाडी होती बाराशे नव्वद किलोची. तिचे पंच्याऐंशी टक्के एक हजार शहाण्णव. कॅरॅव्हॅन भरली तेराशेच्या वर.

मग घरात काटछाट सुरू झाली. काकू अंगणात खुर्चीवर बसायच्या, नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि काका एकेक वस्तू बाहेर आणून न्हाणीघरातल्या काट्यावर ठेवायचे. टेबल गेलं. ओव्हन गेला. कपाटांची दारं गेली. ताटं सहावरून दोनवर आली.

"पडदे किती भरले?" काकूंनी विचारलं.

"तीन किलो."

"मग पडदे नकोत. मला तसंही बाहेरचंच बघायचंय."

चार आठवडे हा खेळ चालला. शेवटी कॅरॅव्हॅन अकराशे ऐंशीवर येऊन थांबली, चौऱ्याऐंशी किलो जास्तच. आणि आता काढण्यासारखं जे उरलं होतं ते सगळं काकूंच्या श्वासाचं होतं. डोक्याकडून वर होणारा लोखंडी पलंग, चौतीस किलो. हवेतून ऑक्सिजन ओढणारं मशीन, अठरा. मशीन चालवायला बॅटऱ्या, सत्तावीस. चाकांची खुर्ची, सोळा. भांड्याची खुर्ची, सहा. यातलं काही निळ्या गाडीत टाकावं, तर डिकीत ऑक्सिजनचे दोन सिलिंडर आधीच होते, मागची सीट काकूंना आडवं व्हायला लागायची, आणि हुकावर कॅरॅव्हॅन जोडायच्या दांड्याचा भार पडला की त्या गाडीचंही मागचं अंग बसणार होतं. अगदी तसंच, त्या रविवारसारखं. काकांनी दांड्याच्या भाराइतकी पोती गाडीच्या मागच्या टोकाला ठेवून ते एकदाच बघितलं आणि तोंड फिरवलं.

काकूंनी वहीतली बेरीज बघितली. "एकशे एक किलो," त्या म्हणाल्या. "आणि मी एक्केचाळीस. माझ्यापेक्षा माझा आजार जड झाला की हो." मग दम घेऊन म्हणाल्या, "मला वगळून बेरीज करा. बघा कशी पटकन बसते."

"गप्प बस," काका म्हणाले. ते इतक्या जोरात म्हणाले की कुंपणापलीकडची शेजारीण वळून बघायला लागली.

काकू म्हणाल्या की एक रात्र मशीन नसलं तरी मी निभावून नेईन. काकांनी ऐकलं नाही. खाणीतला एक ड्रायव्हर म्हणाला, माझ्या पिकअपनं सोडून येतो, त्यात काय. काकांना त्याची टायरं ठाऊक होती, आणि तो उतारावर कसा सुटतो तेही. नको म्हणाले. भाड्याची गाडी आणावी तर तिला हूक लावू देत नाहीत. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, हळू चालवा ना, झालं." ती शिकलीसवरलेली, पण हे तिलाही समजावता येईना. शेवटी एकच मार्ग राहिला. निळीच्या जागी जड गाडी घ्यायची. हातात वर्ष होतं, त्यातला एक महिना काटछाटीत गेलाच होता.

पहिली गाडी लांबरुंद होती, पण तिच्या हुकावर दांड्याचा पन्नासच किलो भार चालत होता आणि कॅरॅव्हॅनला पंचाहत्तर लागत होता. दुसरीचा विक्रेता म्हणाला, "काका, ही डोंगर ओढेल." काका म्हणाले, "डोंगर ओढेल, पण डोंगर ढकलायला लागल्यावर काय करेल?" तिसरी चौदाशे किलोची, बसत होती, पण अवघ्या दहा किलोंनी बसत होती आणि काकांच्या मनाला तेवढं पुरेना. सातवीला खालून गंज. अकरावी सगळ्या बाजूंनी चांगली, पण बनवणाऱ्यानंच कागदावर लिहिलेलं की हजार किलोच्या वर ओढू नका. चौदावी काकांना आवडली. घरी येऊन त्यांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले की ब्रेक दाबल्यावर ती किंचित डावीकडं जाते.

काकू रोज संध्याकाळी विचारायच्या, "काय म्हणतेय आजची?"

"नाही बसत."

"बरं," काकू म्हणायच्या. त्यांनी कधी त्रागा केला नाही. पहिले काही दिवस त्या मुद्दाम हसत विचारायच्या. मग नुसतं विचारायच्या. मग एक दिवस काकांच्या लक्षात आलं की त्या विचारतच नाहीत, आणि काका दारात चपला काढताना स्वतःहूनच 'नाही बसत' म्हणतायत.

खरं सांगायचं तर माणूस चांगला होता, म्हणूनच राग येतो. वाईट माणसानं एखाद्याचं वर्ष खाल्लं तर शिव्या घालून मोकळं होता येतं. याचं काय करायचं? तो बायकोला वाचवायला निघाला होता. तिला कुठं न्यायचं होतं ते त्याच्या हातातून निसटत चाललं होतं, आणि तो उकिडवा बसून गाडीखाली टॉर्च मारत होता.

एकोणिसावी गाडी गुरांच्या डॉक्टरांची होती. निवृत्त होत होते म्हणून विकायची होती. जड, हिरवी, चौकोनी. वीस वर्षं त्यांनी तिच्यामागं वासरांचा पिंजरा जोडून खेडोपाडी फिरवला होता. हूक मुळातला, गंज नाही, दांड्याचा भार शंभर किलोपर्यंत चालत होता. कागदावर वजन सोळाशे पन्नास. त्या दिवशी, शुक्रवारी, काकूही सोबत आल्या होत्या. काका खाली वाकलेले असताना त्यांनी मागचं दार उघडलं, सीटवर बसल्या, कुशीवर झाल्या, डोकं दाराच्या गादीला टेकलं. बराच वेळ तशाच पडून होत्या.

"अहो," त्यांनी हाक मारली. "इथं मला नीट श्वास येतोय. घ्या ही."

काकांनी वही काढली. पंच्याऐंशी टक्के म्हणजे चौदाशेच्या वर. कॅरॅव्हॅन अकराशे ऐंशी. बसत होतं, ऐसपैस बसत होतं. काकांनी पुन्हा गाडीत डोकावलं आणि मागं वळून डॉक्टरांना विचारलं, "हिची सगळ्यात मागची सीट कुठंय?"

"ती काढली कधीच. पिंजऱ्याचं सामान ठेवायला जागा लागायची."

"म्हणजे कागदावरचं वजन खरं नाही."

अहो, एक सीट ती. भरून भरून किती भरेल, चाळीस किलो? ती वजा करा, ड्रायव्हरच्या खिशातली किल्लीही वजा करा, तरी पावणेदोनशेच्या वर किलो हातात राहत होते. शाळेतल्या पोरानं तोंडी सांगितलं असतं. पण काकांना पावती हवी होती. चौतीस वर्षं त्यांनी लोकांना एकच सांगितलं होतं की कागदावरचं वजन हे वजन नव्हे, काट्यावरचं तेच वजन. आणि खाणीचा काटा त्या शुक्रवारी दुपारपासून सरकारी तपासणीसाठी बंद होता, उघडणार सोमवारी. भंगारवाल्याकडं दुसरा काटा होता, पण काका म्हणाले की तो पन्नास किलोनं खोटं बोलतो.

"रविवारी आणखी दोघं येणार आहेत बघायला," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला हवी असेल तर आत्ताच हो म्हणा. ठेवतो."

काकू गाडीतून उतरल्या होत्या, दार धरून उभ्या होत्या. त्या काकांकडं बघत होत्या. काकांनी हो म्हणायला तोंड उघडलं. त्यांना खिडकीतून बघणारी ती बाई दिसली. "सोमवारी सकाळी दहाला येतो," ते म्हणाले. "तोलून बघू आणि लगेच घेऊ."

परतताना काकू निळ्या गाडीत पुढं बसल्या होत्या. अर्ध्या रस्त्यात म्हणाल्या, "माझ्यावर एकदा तरी डोळे मिटून विश्वास ठेवायचा होता."

"तुझ्यासाठीच करतोय ना."

"माहीत आहे मला," काकू म्हणाल्या. "म्हणून तर काही बोलता येत नाही."

सोमवारी साडेनऊलाच काका पोचले. अंगणात गाडी नव्हती. जिथं उभी असायची तिथं खडीत चार चाकांचे खळगे होते. रविवारी संध्याकाळी कुणीतरी घेऊन गेलं, डॉक्टर म्हणाले, बॉनेटसुद्धा उघडून बघितलं नाही. काका त्या खळग्यांपाशी उभे राहिले. त्यांना घरी जायचं नव्हतं. घरी दारात चपला काढाव्या लागणार होत्या आणि काहीतरी बोलावं लागणार होतं.

काकूंना काही सांगावं लागलंच नाही. त्यांनी चेहरा बघितला आणि म्हणाल्या, "बरं. मग विसावी बघू."

बुधवारी त्यांचा श्वास अडकला. इस्पितळात नेलं, त्याच इस्पितळात, जिथल्या चादरी त्यांनी सत्तावीस वर्षं धुतल्या होत्या. तिसरा मजला, खिडकीशेजारची खाट. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची गच्ची आणि तिच्यावर सिमेंटची टाकी. टाकीचं झाकण उडालेलं होतं, सकाळच्या उन्हात आतल्या पाण्याची तिरीप खोलीच्या छतावर हलताना दिसायची. पाचव्या दिवशी काकूंनी मास्क बाजूला केला आणि बोट दाखवलं.

"बघा," त्या म्हणाल्या, "दिसलं पाणी."

त्या गंमत करत होत्या. नेहमीसारखीच. काका बाहेर व्हरांड्यात गेले, भिंतीकडं तोंड करून उभे राहिले आणि ढसाढसा रडले. आत येऊन म्हणाले, "दोन दिवसांत सोडतील. डॉक्टरांच्या गाडीसारखीच एक बघितलीय मी." बघितली नव्हती. त्या रविवारनंतर न तोललेली अशी ही एकच गोष्ट ते बोलले, आणि तीही उशिरा. अकराव्या दिवशी दुपारी काकू गेल्या.

लेक आणि जावई पंधरा दिवस राहिले. लेकीनं हळूच विषय काढला की कॅरॅव्हॅन डोळ्यांसमोर नको, विकून टाकू. काका हो म्हणाले. तेव्हा ते सगळ्यालाच हो म्हणत होते. घ्यायला एक जण तयार होता, त्याला आजच्या वजनाची पावती हवी होती. इस्पितळाची माणसं येऊन मशीन, बॅटऱ्या आणि दोन्ही खुर्च्या घेऊन गेली. पलंगाचे बोल्ट काकांनी स्वतः उघडले. कॅरॅव्हॅनच्या जमिनीत चार भोकं राहिली.

काट्यापर्यंत न्यायला ट्रॅक्टर मिळाला नाही. जावयानं निळ्या गाडीला हूक बसवून आणला आणि भीत भीत विचारलं, "बाबा, दोनच किलोमीटर आहे, सपाट रस्ता. हिनंच नेऊ?" काका म्हणाले, "ने." आरशात बघायलाही ते वळले नाहीत. ती खोली मागून शहाण्यासारखी आली. डोलली नाही, ओढली नाही, मागं आहे हेही कळलं नाही.

काट्यावर आता एक बाई बसायच्या. निवृत्त होताना काकांनीच त्यांना काम शिकवलं होतं, टक्केवारीसकट. जावयानं कॅरॅव्हॅन फळीवर सोडून गाडी पुढं घेतली. केबिनच्या खिडकीवरचा आकडा हलला आणि थांबला. एक हजार ऐंशी. बाईंच्या ओठांची सवयीनं हालचाल झाली, त्यांनी बाहेर उभ्या निळ्या गाडीकडं बघितलं आणि काकांनीच शिकवलेला हिशेब तोंडानं करून टाकला.

"बाराशे नव्वदचे एक हजार शहाण्णव. काका, बसतंय की. सोळा किलो राखून बसतंय तुमच्याच गाडीला. आता कुठंही जाईल की."

बोलून गेल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं. तोंडावर हात ठेवून त्या तशाच बसल्या.

काकांनी पावती घेतली. नीट वाचली, तारीख, वेळ, आकडा. काकूंनी अंगणात बसून सांगितलेली बेरीज काट्यानं छापून दिली होती.

"हो," काका म्हणाले. "जाईल की."

मग ते फळीवर चढले, कॅरॅव्हॅनचं दार उघडून आत गेले आणि पलंगाच्या चार भोकांच्या मधोमध, मागच्या मोठ्या खिडकीकडं तोंड करून खाली बसले. खिडकीला पडदे नव्हते. बाहेर खडीचे ढीग होते आणि धूळ. केबिनमधला आकडा वर सरकला, अकराशे पन्नास झाला.

जावई दारापाशी आला. "बाबा, उतरा ना. मागं ट्रक थांबलाय."

"ती म्हणाली होती घ्या," काका खिडकीकडं बघतच म्हणाले. "मी म्हटलं सोमवारी."

ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. केबिनमधल्या बाई बाहेर आल्या, त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि जावयालाही खुणेनं बाजूला व्हायला सांगितलं. आकडा तसाच अकराशे पन्नासवर उभा होता. त्याची पावती त्यांनी फाडली नाही.